पोत्याखालचा खड्डा

गारखेड्यातल्या आमच्या रो-हाऊसच्या मागं जमिनीचा एक अरुंद पट्टा आहे. घर घेतलं तेव्हा बिल्डरचा माणूस त्याला 'गार्डन एरिया' म्हणाला होता. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट आणि त्यावर वीतभर लाल माती, एवढंच ते गार्डन. मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा खडक. नोकरी होती तोवर मी तिकडं फक्त कपडे वाळत घालायला जात असे. मागच्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि घरात बसून बसून त्या पट्ट्याकडं माझं लक्ष गेलं.

मागच्या भिंतीलगत झुडपांची रांग लावायची, असं मी ठरवलं. जास्वंद, कण्हेर, तरवड, शेवटी एक मोगरा. रोपवाटिकेतून रोपं आणून ठेवली. नवरा म्हणाला, "खाली खडक आहे. खणत बसण्यापेक्षा दगड रचून वर वाफा बांध. झुडपांना तेवढं पुरतं."

"भिंतीला ओल येईल," मी म्हणाले.

"भिंतीपासून हातभर सोडून बांध."

"आणि दिसेल कसं ते? घरामागं ओटा घातल्यासारखं."

 तो वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. एकदा सांगून झालं की तो तेच पुन्हा सांगत नाही. मला मात्र खड्डा हवा होता. झाड म्हणजे खड्डा, खड्डा जेवढा खोल तेवढं झाड जोमदार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

नाक्यावरून दोन मजूर आणले. पहार आणि टिकाव घेऊन ते सकाळपासून खणत होते. मुरूम निघाला, मग पापुद्रे सुटणारा दगड निघाला आणि मांडीएवढ्या खोलीवर पहारीचा आवाजच बदलला. पुढं मशीन लागेल, असं सांगून ते गेले. एकच खड्डा झाला होता. बाकीचे मशीन आणून करू म्हणून मी ते काम तसंच ठेवलं.

खड्ड्यात पाणी सोडून बघायचं, ते किती वेळात जिरतं त्यावरून जमीन कळते, हे मी कुठंतरी वाचलं होतं. नळाला पाणी येण्याचा दिवस होता. पिण्याचं पाणी मी पाइप लावून त्या खड्ड्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पाणी होतं तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. दगडाचं टाकं झालं होतं ते, त्यात कुठलंच मूळ जगलं नसतं. पाण्यावर डास घोंघावायला लागले. आमच्या गल्लीत तेव्हा दोन घरांत डेंग्यू झालेला. म्हणून मी गव्हाचं रिकामं पोतं त्या खड्ड्यावर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि ते उडू नये म्हणून कडेनं थोडा मुरूम ओढला. पोत्याचा रंग आणि मुरमाचा रंग सारखाच. पाणी काढायचं काम उद्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी अक्का आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती चितेगावला राहते. तिकडच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायकांचे ब्लाऊज शिवते. आई लवकर गेली, तेव्हापासून अक्काच्या शिलाई मशीनशेजारी बसून मी अभ्यास केला. तिचं मशीन चालू असलं की मला वाचता यायचं, बंद पडलं की लक्ष उडायचं. तिनं स्वतः लग्न उशिरा केलं, पाच-सहा वर्षांत नवराही गेला. मूलबाळ नाही. पण तिला बिचारी म्हणायची कुणाची छाती होत नाही. वय सदुसष्ट, चष्मा जाड, तरी काजं हातानंच करते.

लग्नसराई सुरू व्हायच्या आधी दरवर्षी ती चार दिवस माझ्याकडं राहायला येते. येताना कापायच्या कापडांचं गाठोडं घेऊनच येते, कारण रिकामं बसणं तिला जमत नाही. त्या दिवशी आली, चहा झाला, गप्पा झाल्या. मी तिला भिंतीलगत काय काय लावणार आहे ते सांगितलं. खड्डा खणलाय हेही सांगितलं. तो कुठं आहे आणि त्याच्यावर काय टाकलंय, एवढं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंघोळ केली, आपलं लुगडं आपणच धुतलं आणि वाळत घालायला मागं गेली. मी ओट्याशी मेथी निवडत होते. ओरडण्याचा आवाज आलाच नाही. पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि मग अक्काचं नुसतं "अगं!" ऐकू आलं, एखादी गोष्ट विसरल्यावर माणूस म्हणतं तसं.

मी पळत गेले. अक्का खड्ड्यात बसली होती. कमरेपर्यंत भिजलेली, पायाभोवती पोतं गुंडाळलेलं. डाव्या हातात धुतलेलं लुगडं तिनं उंच धरलं होतं. उजवा हात दगडाच्या कडेवर पडला होता आणि मनगट नको तिथं वाकलं होतं.

"आधी लुगडं घे," ती म्हणाली. "चिखल लागंल."

मी लुगडं घेतलं. ते कुठं ठेवावं हेच मला कळेना. हातात घेऊन उभीच राहिले.

शेजारच्या भाभींनी भिंतीवरून बघितलं आणि त्या धावत आल्या. आम्ही दोघींनी अक्काला काखेत धरून वर काढलं. भाभींनी आपली ओढणी सोडली आणि तिची झोळी करून हात गळ्यात बांधला. "हाथ लटकने देना नक्को, अक्का. छाती से लगाके रखो," त्या सांगत होत्या. माझा नवरा कंपनीत गेलेला. भाभींच्या मिस्टरांनी गाडी काढली.  गाडीत मी सारखं "दुखतंय का, दुखतंय का" विचारत होते. शेवटी अक्का म्हणाली, "विचारू नको. दुखतंय."

दवाखान्यात तिला एक्स-रेसाठी आत नेलं. तरुण डॉक्टरनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "कशा पडल्या?"

"मागच्या अंगणात घसरल्या," मी म्हणाले.

एवढं सहज निघालं तोंडातून. त्या डॉक्टरला माझ्या खड्ड्याशी काय देणंघेणं होतं? खरं सांगितलं असतं तरी त्यानं मान हलवून पुढचा प्रश्न विचारला असता. पण मी घसरल्या म्हणाले. भाभी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. बारीक तारा घालून ती बसवली, वर प्लास्टर घातलं. चांगला दीड महिना हात हलवायचा नाही, आणि पुढंही पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही, वय झालंय, असं डॉक्टर म्हणाले. अक्कानं विचारलं, "कात्री धरता येईल?" डॉक्टर म्हणाले, "बघू."

संध्याकाळी अक्काला झोप लागल्यावर मी मागं गेले. बादलीनं खड्ड्यातलं पाणी उपसलं आणि काढलेला मुरूम हातानंच परत लोटायला लागले. नवरा कामावरून आला, त्यानं माझ्या हातात फावडं दिलं नाही, स्वतःच भरायला लागला. वाफ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले तरी असते. हा खड्डा मुळात लागतच नव्हता, हे त्या वेळी आम्हा दोघांनाही कळत होतं.

अक्काचं गाठोडं तसंच पडलं होतं. त्यातली बरीचशी कापडं लग्नाच्या ब्लाऊजांची. मी म्हणाले, "आपल्या इथल्या टेलरकडून शिवून घेते."

"माझी गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडतेस व्हय?" अक्का म्हणाली. "ज्याची त्याला परत दे. थांबतील त्या थांबतील."

पैठणच्या एसटीनं मी चितेगावला गेले. प्रत्येक कापडाला तिनं सुईदोऱ्यानं खूण घातलेली होती. कुठली खूण कुणाची हे तिनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी घरोघर गेले. बायका दारात यायच्या, कापड बघून त्यांचा चेहरा पडायचा, मग विचारायच्या, "काय झालं अक्काला?" आणि मी सांगायचे, "घसरल्या. अंगणात पाणी सांडलं होतं." तिसऱ्या-चौथ्या दारापर्यंत ते पाणी, तो गुळगुळीत फरशीचा कोपरा, सगळं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं. एक जण कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती, तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. ती म्हणाली, "या वयात जपून चालावं माणसानं. तुमच्याकडं फरशी लई गुळगुळीत आसंल." मी म्हणाले, "हो ना."

परतीच्या गाडीत मला वाटलं, एक काम तरी पार पडलं.

दोन दिवसांनी त्याच बाईचा अक्काला फोन आला. अक्का व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती, फोन स्पीकरवर, कारण डाव्या हातानं तो कानाला धरणं तिला अवघड जायचं. मी आतून ऐकत होते. "अक्का, चप्पल तरी चांगली घालायची. घसरलात म्हणं."  अक्का म्हणाली, "व्हय. बरंय आता." आणि फोन ठेवायला तिनं मला हाक मारली.

मी बाहेर गेले. तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मी घसरले?"

मी फोन उचलून बंद केला.

"सदुसष्ट वर्षांत मी कुठं घसरले नाय. पावसाळ्यात ओढ्यातून डोक्यावर मशीन घेऊन गेले, तवा नाय घसरले. मी तुझ्या खड्ड्यात पडले. तू वर पोतं टाकलंस म्हणून पडले. उघडा आसता तर मला दिसला आसता, मला चष्मा हाय. तसं सांगायचं."

"चुकलं माझं, अक्का."

"पोतं टाकलंस ते चुकून झालं. त्याचं मला काय नाय. पण आता समदं गाव म्हणतंय, म्हातारीचा तोल जातोय. जिचा तोल जातो तिच्याकडं कापड कोण टाकंल?"

 मला वाटलं होतं मी फक्त स्वतःला वाचवतेय, त्यातून कुणाचं काही बिघडत नाही. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि तिच्यासमोरच फोन लावला. त्या कँटीनवालीला सांगितलं, "घसरली नाही ती. मी झाडासाठी खड्डा खणला होता आणि वरून झाकून ठेवला होता. तिला सांगितलं नव्हतं."  मग ती बाई म्हणाली, "आगं बया, मंग तुमीच पाडलं की तिला." मी हो म्हणाले. दुसऱ्यांनाही फोन केले. प्रत्येक वेळी मी तेच सांगत होते आणि अक्का शेजारी बसून, जणू तिचा काही संबंधच नाही, अशी रस्त्याकडं बघत होती.

रोपं अजून काळ्या पिशव्यांत, नळाशेजारी उभी होती. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. जास्वंदीची पानं पिवळी पडायला लागली होती. भाभींना देऊन टाकावीत असा विचार मी बोलून दाखवला, तर अक्का म्हणाली, "मी प्लास्टर घालून बसलेय आन् झाडं शेजारी देतेस? मंग पडले तरी कशाला?" ती चेष्टेनं म्हणाली की रागानं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

नवऱ्यानं दोन रविवार घेतले. भिंतीपासून हातभर सोडून आम्ही खणलेल्याच दगडांची गुडघ्याच्या थोडी खाली राहील एवढी कड रचली. सिमेंट लावलं नाही, पाणी निघून जायला फटी राहू दिल्या. खालचा मुरूम पहारीनं नुसता ठिकठिकाणी फोडून सैल केला, म्हणजे मुळं वाट शोधतील. वर माती, शेणखत आणि बारीक मुरूम मिसळून उंचवटा केला. रोपं लहानच होती, ते बरं झालं. मोठी आणली असती तर त्यांच्या मुळांना ही जागा पुरली नसती. प्रत्येक रोप उंचवट्यावर लावलं, बुडाशी वाळका पाला पसरला. अक्का खुर्ची टाकून बघत बसायची. फुलझाडांतलं तिला काही कळत नाही आणि त्याची हौसही नाही. दगडांची रांग मात्र तिच्या डोळ्यांत खुपायची. "कड वाकडी आली. उसवा ती," असं म्हणून तिनं नवऱ्याला एक अख्खी बाजू परत रचायला लावली.

जास्वंद गेली. मोगरा महिनाभर तसाच उभा राहिला, मग दोन पानं काढून पुन्हा थांबला. कण्हेर आणि तरवड मात्र तिथंच जन्माला आल्यासारखी वाढली. तरवडाला पिवळी फुलं आली तेव्हा भाभी भिंतीवरून "वाह" म्हणाल्या. मला त्या फुलांचा आनंद झाला नाही, असं नाही. पण आनंद झाला की लगेच मनगट आठवायचं.

प्लास्टर निघालं. हात बारीक, कातडी सुरकुतलेली आणि मनगट एका बाजूला किंचित कललेलं. गरम पाण्यात हात घालून बोटं मिटायची, उघडायची, रबराचा चेंडू दाबायचा, हे सगळं तिनं शाळेच्या अभ्यासासारखं केलं. मशीन चालवता यायला लागलं. काजं वेळ लागून का होईना व्हायला लागली. पण जाड कापडाच्या दोन घड्यांवर कात्री दाबायची तर अंगठ्यातून बळच जायचं. एकदा मी तिला तिच्या नकळत बघितलं. ती टेबलापाशी उभी राहून वर्तमानपत्र कापत होती. अर्ध्यापर्यंत गेली, थांबली, हात झटकला, पुन्हा कात्री धरली. मी तिथून निघून गेले.

ती चितेगावला परत गेली तेव्हा मी ठरवून टाकलं की दर रविवारी जाऊन तिची कापडं कापून द्यायची. तिला विचारलं नाही. पहिल्या रविवारी जाऊन टेबलापाशी उभी राहिले. ती खडूनं रेघा मारायची, मी कापायचे. आयुष्यभर मी पुस्तकांवर शिक्के मारले, कापडाला हात लावला नव्हता. तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाही जोडायच्या मुंढ्याचा आकार चुकला आणि एका बाईचं जरीचं कापड वाया गेलं.

मी रडायला लागले. कापडासाठी नव्हे, हे अक्कालाही कळलं. तिनं कापड उचललं, उजेडात धरलं, बाजूला ठेवलं.

"एक सांग. तू इथं पाप फेडायला येतेस का कापायला?"

"अक्का..."

"कापायला येत असशील तर खडूकडं बघ. माझ्या हाताकडं काय बघतेस? सारखी हाताकडं बघतेस म्हणून चुकतं."

"मग काय करू? मला दिसतो तो."

"मलाबी दिसतो. माझाच हाय. मी काय त्याला बघत बसते का?"

त्या बाईला नवीन कापड आणून दिलं. कुणी चुकवलं ते अक्कानं तिला पहिल्याच वाक्यात सांगितलं. मीही मान डोलावली.

आता माझं काप बऱ्यापैकी सरळ येतं. अक्का तसं म्हणत नाही, पण रेघा कमी मारते, त्यावरून मी समजते. थंडी पडली की मनगट आखडतं, तेव्हा ती सकाळी उशिरा मशीनवर बसते आणि मला उशिरा यायला सांगते. गिऱ्हाइकं बरीचशी टिकली. कँटीनवालीनं मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज दुसरीकडं शिवले, त्यानंतर मात्र ती परत आली. काही बायका आल्याच नाहीत. त्या माझ्यामुळं गेल्या की अशाच गेल्या, हे मी अक्काला विचारत नाही.

मागच्या शनिवारी तिचा फोन आला. "उद्या येऊ नको. विहारातल्या बायका पैठणला चालल्यात, एका लग्नाला. मीबी जाते."

"कापायचं काम?"

"सोमवारी बघू. तू घरीच थांब."

रविवारी सकाळी मी सवयीनं लवकर उठले, डबा भरायला घेतला, मग आठवलं. नवरा म्हणाला, आज निवांत बस. मी पेपर वाचला, वाफ्यातलं गवत काढलं, जेवले. दुपारी पलंगावर नुसती पाठ टेकली आणि किती तरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि नवऱ्यानं चहा करून ठेवला होता. अंग हलकं झालं होतं. कप हातात घेतला आणि एवढी चांगली झोप लागली याचंच मला अपराधी वाटायला लागलं.